वाचकांचे प्रश्न : अतिथंड इंधनाची टाकी आणि उष्णतेच्या चोरवाटा

गेल्या अंकात पुणे-बेंगळुरू महामार्गावरून जाणाऱ्या एलएनजीच्या टँकरवर मी लिहिलं होतं. आत उणे १६२ अंशांवरचा द्रवरूप नैसर्गिक वायू असतो, तरी बाहेरच्या पत्र्याला हात लावला तर तो पाण्याच्या टँकरसारखाच लागतो. हे कसं जमतं, असा तो विषय होता. त्यावर बरीच पत्रं आली. अशा टाक्या बांधण्यात माझी बावीस वर्षं गुजरातेत गेली. कोल्हापुरात परतून उद्यमनगरात बसायला लागल्यापासून या विषयावर एवढ्या आस्थेनं कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणून या वेळचं सगळं सदर याच प्रश्नांना दिलं आहे.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीचा आहे. दुधाच्या टँकरला पफ (पॉलियुरेथेन फोम) भरतात, तोच जास्त जाड भरला तर चालणार नाही का? सर म्हणतात व्हॅक्यूम लागतं, पण का लागतं ते कळलं नाही.
— विद्यार्थिनी, शिरोळ

बाळ, याचं उत्तर आकड्यांत आहे, तेव्हा वही-पेन घेऊन बस.

आधी दूध. बाहेर ३० अंश, आत ४ अंश, मध्ये १० सेंटिमीटर पफ. पफची वाहकता ०.०२३ धर. एका चौरस मीटरमधून साधारण ६ वॅट उष्णता आत येते. दहा हजार लिटरच्या टँकरचं क्षेत्रफळ अठ्ठावीस-तीस चौरस मीटर भरतं. हिशेब कर, दिवसभरात दूध अर्धा अंशही तापत नाही. म्हणून आपल्या जिल्ह्यातलं दूध मुंबईला सुखरूप पोचतं.

आता त्याच टाकीत हायड्रोजन भर. तो उणे २५३ अंशांना उकळतो. तापमानातला फरक २६ वरून २८३ वर गेला, उष्णता चौरस मीटरमागे ६५ वॅटवर गेली. पण खरी गोम यापुढं आहे. दूध ४ अंशांवरून साडेचारवर गेलं तरी दूधच राहतं, त्याला तापायला जागा असते. टाकीतला हायड्रोजन मात्र उकळीच्या काठावरच बसलेला असतो. आत आलेल्या प्रत्येक वॅटची वाफ होते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, एक किलो हायड्रोजनला जेमतेम ४४६. शिवाय तो इतका हलका, की एका लिटरचं वजन ७१ ग्रॅम. हे सगळं मांडलंस तर चौरस मीटरमागे दिवसाला पावणेदोनशे लिटर उडून जातात. हजार लिटरच्या टाकीचं क्षेत्रफळ साडेपाच-सहा चौरस मीटर धर. एका दिवसात टाकी रिकामी! थंडीत पफची वाहकता थोडी घटते, म्हणून फार तर दीड दिवस म्हण.

जाडी वाढवून बघू म्हणशील. उष्णता १ वॅटवर आणायची तर याच हिशेबानं पफ साडेसहा मीटर जाड लागेल. दुमजली घराएवढ्या उंचीचा पफ आणि त्याच्या पोटात हजार लिटरचं भांडं!

आणखी एक धोका आहे, तो प्रोजेक्टमध्ये ठळक लिही. उणे २५३ अंशांच्या पत्र्याला हवा लागली तर हवाच द्रव होते. पफमध्ये कुठं चीर असेल तर बाहेरची हवा तिथून आत शिरते, द्रव होते, आणि तिची जागा घ्यायला आणखी हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव होतो, नायट्रोजन उणे १९६ ला. म्हणजे ठिबकणाऱ्या त्या द्रवात ऑक्सिजनचं प्रमाण हवेपेक्षा जास्त असतं. पफसारख्या जळणाऱ्या वस्तूत ऑक्सिजन मुरलेला आणि शेजारी हायड्रोजन. याहून वाईट सोयरीक मला माहीत नाही.

म्हणून एका टाकीत दुसरी टाकी, आणि दोन्हींच्या मधली हवा काढून टाकायची. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली हीच युक्ती काढली, पुढं तिचाच थर्मास झाला, आणि १८९८ मध्ये ड्यूअर यांनीच पहिल्यांदा हायड्रोजन द्रवरूपात आणला. हवा गेली की वहन आणि अभिसरण जवळजवळ थांबतं. उरतं प्रारण, म्हणजे उघड्या अंगानं उन्हात उभं राहिल्यासारखं. बाहेरच्या पत्र्याकडून आतल्याकडं उष्णता सरळ फेकली जाते, मध्ये काही नसलं तरी. तिला अडवायला आतल्या टाकीवर चकचकीत ॲल्युमिनियम फॉईलचे तीस-चाळीस थर गुंडाळतात, आणि दोन थरांमध्ये काचतंतूंचा पातळ कागद घालतात. आपल्याकडची वाकळ डोळ्यांपुढं आण. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक असतात, पण ऊब जपते ती थरांमधली मोकळीक. इथंही तसंच आहे. वाकळ आवळून गुंडाळली तर थर एकमेकांना टेकतात आणि उष्णता थरांमधून चालत येते. आमच्याकडं नवीन मुलगा आला की तो हमखास ताणून गुंडाळायचा, कारण ते दिसायला छान दिसतं. चांगल्या हातानं सैल गुंडाळलेल्या थरांतून चौरस मीटरमागे १ वॅटच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी, उष्णता येते.

मात्र ते व्हॅक्यूम नुसती हवा ओढून भागत नाही. दाब वातावरणाच्या एक कोटीव्या भागापेक्षा खाली न्यावा लागतो आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच टिकवावा लागतो. खर्च आणि कौशल्य दोन्ही तिथं लागतं.

जाता जाता तुझ्या ग्रुपसाठी एक गोष्ट, कारण ही बऱ्याच जणांच्या आराखड्यात राहून जाते. हायड्रोजनचे रेणू दोन जातींचे असतात, ऑर्थो आणि पॅरा. खोलीच्या तापमानाला ऑर्थो ७५ टक्के आणि पॅरा २५. उणे २५३ ला सगळे हळूहळू पॅरा होऊ पाहतात, आणि त्या बदलात उष्णता बाहेर पडते. ती उष्णता हायड्रोजनची वाफ करायला लागते त्याहून जास्त भरते! घाईनं द्रव करून टाकीत भरला, तर टाकी कितीही उत्तम असो, तो आतल्या आत स्वतःला उकळून घालवतो. म्हणून द्रव करतानाच उत्प्रेरक वापरून त्याला पॅरा करून घेतात.

प्रश्न : उड्डाणाआधी रॉकेटच्या अंगातून पांढरा धूर का निघतो? रॉकेटला पण थर्माससारखी टाकी असते का?
— इयत्ता नववी, इचलकरंजी

तो धूर नाही, बाळा. थंड वाफ बाहेर पडते, तिनं हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि धुकं दिसतं. पहाटे रंकाळ्यावर दिसतं तसंच.

रॉकेटला दुहेरी टाकी परवडत नाही, वजन फार होतं. तिथं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पातळ टाकी असते आणि बाहेरून फोम. वर शिरोळच्या ताईला मी जो नको म्हटला, तोच. कारण रॉकेटला इंधन महिनाभर सांभाळायचं नसतं, काही तास पुरे. उडून जातं तेवढं शेवटपर्यंत वरून भरत राहतात.

पण वाफ बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह किती महत्त्वाचा, ते बघ. १२ ऑगस्ट २०२१ ला आपलं जीएसएलव्ही-एफ१० रॉकेट वर गेलं, पहिले दोन टप्पे उत्तम चालले, पण क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावरचा, तिसरा टप्पा पेटलाच नाही. चौकशीत निघालं की हायड्रोजनच्या टाकीचा वाफ सोडणारा व्हॉल्व्ह गळत होता, त्यामुळं टाकीत हवा तेवढा दाबच धरला नाही. त्याच जातीचं देशी बनावटीचं इंजिन ५ जानेवारी २०१४ ला पहिल्यांदा यशस्वी झालं, तेव्हा आमच्या शॉपमध्ये आम्ही पेढे वाटले होते. त्यामुळं ही बातमी आली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

प्रश्न : कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशन युनिट आहे. पंधरा वर्षं दुधाच्या आणि सिरपच्या एसएस (स्टेनलेस स्टील) टाक्या बनवतो. एलएनजीच्या लहान टाक्यांचं जॉबवर्क घ्यावं असं मनात आहे. हात बसलेला आहे, वेल्डर चांगले आहेत. नवीन काय शिकावं लागेल?
— एक कारखानदार, कागल

साहेब, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. कोल्हापूरच्या माणसानं ओतकामात नाव काढलं, या कामातही काढावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टीलचं तुम्हाला सांगायला नको. इनरला, म्हणजे आतल्या टाकीला, ३०४ किंवा ३०४ एल जातीचं स्टेनलेस स्टील. त्यातल्या निकेलमुळं ते उणे १९६ लाही चिवट राहतं. साधं माइल्ड स्टील त्या थंडीत काचेसारखं तडकतं, म्हणून ते फक्त आउटरला, म्हणजे बाहेरच्या टाकीला, जिथं थंडी पोचत नाही. बंदरावरच्या अवाढव्य टाक्यांना ९ टक्के निकेलचं स्टील वापरतात, तो तुमचा विषय नाही.

तुमचा विषय आहे इनर टांगायची कशी. नवीन माणूस सगळं लक्ष भिंतीवर देतो, आणि उष्णता येते पायातून, गळ्यातून, पाइपातून. एक उदाहरण देतो. २० मिलिमीटर जाडीचा आणि १० सेंटिमीटर लांबीचा एसएसचा एकच रॉड इनर आणि आउटरच्या मध्ये लावला, तर त्यातून सात-आठ वॅट आत येतात. म्हणजे उत्तम गुंडाळलेल्या सात-आठ चौरस मीटर भिंतीतून येते तेवढी उष्णता एका रॉडमधून! त्याच मापाचा काचतंतू आणि इपॉक्सीचा दांडा लावला तर अर्ध्या वॅटच्या आसपास. ताकदही पुरते. म्हणून आधार शक्यतो त्याचे, आणि जिथं स्टील टाळता येत नाही तिथं ते पातळ नळीचं आणि लांब करायचं. वाट लांबली की उष्णता दमते. पाइपही इनरमधून निघून सरळ बाहेर आणायचे नाहीत. मधल्या जागेत त्यांना वळसा द्यायचा आणि एका ठिकाणी वर उचलायचा, म्हणजे तिथं वायू अडकून बसतो आणि द्रव गरम टोकापर्यंत पोचत नाही.

दुसरं आकसणं. पहिल्यांदा एलएनजी भरला की इनर मीटरमागे सुमारे अडीच मिलिमीटर आखडते. सहा मीटरची टाकी दीड सेंटिमीटर लहान होते, आणि आउटर मात्र जागच्या जागी. दोन्ही टोकं पक्की केली तर कुठलं तरी वेल्ड फाटणार. एक टोक पक्कं, दुसरं सरकतं ठेवायचं. पाइपांनाही तेवढं लवायला जागा हवी.

आता तुमच्या वेल्डरांबद्दल. त्यांची सवय या कामात आड येईल, आणि ती चांगली सवय आहे म्हणूनच आड येईल. दुधाच्या टाकीत प्रत्येक पट्टी चारी बाजूंनी बंद वेल्ड करतात, बफ करतात, म्हणजे फटीत दूध साचून नासू नये. बरोबर?

आमच्या कंपनीत एक टाकी होती. व्हॅक्यूम पंप चालू असेपर्यंत गेज खाली, पंप बंद केला की रात्रीत काटा वर. गळती शोधायला आम्ही बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियम मारला, पंपाच्या बाजूला डिटेक्टर लावला. हेलियम कुठूनच आत जाईना. म्हणजे गळती नाही, आणि व्हॅक्यूम तर जातंय. नऊ दिवस गेले. शेवटी आउटर कापली. इनरवर आधाराची बैठक म्हणून एक हाताएवढा पॅड होता, चारी बाजूंनी सुंदर वेल्ड केलेला. त्या पॅडच्या खाली कागदाच्या जाडीएवढी हवा अडकली होती, आणि वेल्डमध्ये सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं. ती कोंडलेली हवा थेंबथेंब मधल्या जागेत येत होती. बाहेरून हेलियम मारून ते सापडणार कसं? ते वेल्ड तपासून पास करणारी सही माझी होती. दिसायला त्यात काही चूक नव्हती. त्या दिवसापासून मी मधल्या जागेत कुठल्याही पॅडला चारी बाजूंनी बंद वेल्ड करू दिलं नाही. एका बाजूला बोटभर जागा उघडी, किंवा पॅडलाच ३ मिलिमीटरचं भोक. तुमच्या माणसांना पहिल्या दिवशी हे शिकवा.

स्वच्छतेचंही असंच. बोटाच्या ठशातलं तेल, मार्करची शाई, ग्राइंडिंगची धूळ, हे सगळं व्हॅक्यूममध्ये महिनोन्‌महिने वायू सोडत राहतं. म्हणून थर गुंडाळणाऱ्यांनी हातमोजे घालायचे, आणि टाकी तापवत तापवत दिवसेंदिवस पंप चालवायचा. पत्र्यातच मुरलेला जो वायू तरीही उरतो, तो शोषायला इनरच्या थंड अंगावर मॉलिक्युलर सिव्हची (वायू शोषणाऱ्या सच्छिद्र दाण्यांची) पिशवी बांधतात. थंड झाली की ती वायू धरून ठेवते.

स्वस्त पर्याय म्हणून परलाइटची (फुगवलेल्या हलक्या खनिजाची) पूड मधल्या जागेत भरायची की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. एका जागी उभ्या राहणाऱ्या टाकीला उत्तम, तिला व्हॅक्यूमही थोडं कमी चालतं. रस्त्यावर धावणाऱ्या टाकीला नको. हादऱ्यानं पूड खाली बसते आणि वरचा भाग उघडा पडतो.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या प्रत्येक पाइपाला स्वतंत्र सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, तो पाइप वीतभर असला तरी. द्रव त्यात अडकला आणि तापला तर त्याला सहाशेपट जागा हवी असते. ती मिळाली नाही तर पाइप फुटतो. आउटरलाही दाब सोडणारं झाकण हवं, कारण इनर गळली तर मधली जागा क्षणात भरते.

कागदपत्रांचं सोपं नाही, पण अशक्यही नाही. २०१६ चे प्रेशर व्हेसल्सचे नियम लागू होतात, आणि डिझाइनपासून तपासणीपर्यंत पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मंजुरी लागते. त्यांचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे. आधी मोठ्या उत्पादकाकडून नुसते इनरचे शेल (दंडगोल) आणि डिश एंड (घुमटाकार टोकं) बनवायचं काम घ्या, व्हॅक्यूमचं काम दोन वर्षांनी. आणि हेलियम लीक डिटेक्टर शिकायला एक हुशार, चिकाटीचा मुलगा आत्ताच पाठवा. मशीन नंतर घेता येईल. माणूस तयार व्हायला वेळ लागतो.

प्रश्न : मी कृत्रिम रेतनाचं काम करतो. सेंटरवर ३५ लिटरचा नायट्रोजनचा कंटेनर आहे. पूर्वी एकदा भरला की चाळीस दिवस जायचा. या पावसाळ्यात बारा दिवसांत तळ दिसतो. झाकण सैल आहे म्हणून मी त्याला रबर लावून घट्ट करायचा विचार करतोय. बरोबर आहे का?
— एक वाचक, गडहिंग्लज

भाऊ, रबर लावू नका. आधी हे वाचा, मग बाकीचं.

झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. एका लिटर द्रव नायट्रोजनचे सातशे लिटरच्या आसपास वायू होतात. त्याला वाट मिळाली नाही तर कंटेनर फुटतो. लांब बूच आणि मानेच्या मधली ती फट हीच त्याची सुरक्षा आहे.

तुमचा कंटेनर म्हणजे वर कागलच्या साहेबांना सांगितली तीच टाकी, लहान आकारात. ॲल्युमिनियमचं भांडं, त्यात दुसरं भांडं, मध्ये व्हॅक्यूम आणि थर. आतलं भांडं फक्त मानेवर लटकलेलं असतं, आणि ती मान काचतंतूंची असते, म्हणजे उष्णता कमी उतरावी. भांडं आपटलं, आडवं पडलं, जीपमध्ये आदळलं, की सगळा झटका त्या मानेच्या चिकटवलेल्या जोडावर येतो. जोडाला केसाएवढी चीर गेली की व्हॅक्यूम गेलं.

खात्री अशी करा. पावसाळी हवेत सकाळी कंटेनरच्या खांद्यावरून हात फिरवा. अंग ओलं, घामेजलेलं किंवा थंडगार लागलं, तर व्हॅक्यूम गेलंय. चांगला कंटेनर कोरडा आणि खोलीइतकाच ऊबदार लागतो. नुसत्या बुचाभोवती थोडं दव असेल तर काळजी नाही. मग वजनकाटा आणा. एक लिटर नायट्रोजन म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम. चाळीस दिवस टिकणारा कंटेनर दिवसाला पाऊण किलोच्या आत घटतो. बारा दिवसांत रिकामा होणारा सव्वादोन किलोच्या वर घटेल. पातळी बघायची तर लाकडी पट्टी बुडवा, दहा सेकंद ठेवा, बाहेर काढून हवेत हलवा, दवाची रेघ उमटेल. पोकळ नळी बुडवू नका, तिच्यातून द्रव उसळून तोंडावर येतो.

व्हॅक्यूम गेलं असेल तर गावात त्याची दुरुस्ती नाही. अंगावर एक सीलबंद बूच असेल, त्याला हात लावू नका. बनवणाऱ्याकडंच पाठवा. नाशिकला असे कंटेनर बरीच वर्षं बनत आले आहेत. नेताना बंद गाडीत शेजारी ठेवून नेऊ नका. नायट्रोजनला वास नसतो, तो हवेतला ऑक्सिजन हटवतो आणि माणसाला कळतही नाही. काचा उघड्या ठेवा, किंवा मागं उघड्यावर उभा बांधा.

त्या कंटेनरमध्ये तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांची पुढच्या वर्षीची वासरं आहेत. वीर्याच्या कांड्या आजच्या आज दुसऱ्या चांगल्या कंटेनरमध्ये हलवा. दोन्ही कंटेनर एकमेकांना खेटून ठेवा, कॅनिस्टर (कांड्यांचे डबे) मोजून सेकंदांत इकडून तिकडं, मध्ये थांबायचं नाही, बोलायचं नाही. मग रिकामा होत चाललेल्या कंटेनरचं वजन आज घ्या, उद्या त्याच वेळी पुन्हा घ्या, आणि दोन्ही आकडे मला लिहून पाठवा.